सातबाऱ्यावर मातीची खोली लिहीत नाहीत

एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात नियोजित रिफायनरीसाठी बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, 'माती परीक्षण' सुरू झालं, तेव्हा बातम्या बघता बघता माझ्या आईने विचारलं, "खत किती घालायचं ते बघायला एवढे पोलीस कशाला?" तिला ठाऊक असलेलं माती परीक्षण म्हणजे शेतात येऊन कुणीतरी वीतभर खड्डा काढतो आणि अर्धा किलो माती पिशवीत भरून नेतो, ते. बारसूला चाललं होतं ते निराळं. तिथे ड्रिलिंग मशीन लावून खालच्या कातळाची तपासणी चालली होती.

रिफायनरी हवी की नको यावर इतकं लिहून झालंय, की माझ्या चार ओळींनी त्यात काही भर पडणार नाही. मला अडकवलं ते आईच्या प्रश्नाने. एक परीक्षण वरची वीत बघतं, दुसरं खालचा खडक. मधलं जे आहे, म्हणजे ही माती इथे आली कशी, किती काळाने आली आणि किती खोल आहे, ते कुठल्या कागदावर येतं? सातबारा काढून बघा. क्षेत्र येतं, आकार येतो, पोटखराबा येतो, कुळाचं नाव येतं, सोसायटीचा बोजा तर न चुकता येतो. मातीची खोली येत नाही. आणि कोकणात जमिनीची किंमत, निदान शेतीपुरती तरी, त्या एका आकड्यावर ठरते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. डोंगरउतारावर जेसीबी चढवायचा असेल, तर वरचा थर वेगळा काढून ठेवून काम झाल्यावर तो परत पसरण्याची सक्ती हवी, मग काम शेतीचं असो, प्लॉटिंगचं असो की रस्त्याचं. आणि आमच्या सड्यांना सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणणं थांबायला हवं. यात पर्यावरणाचा उमाळा वगैरे काही नाही. मी स्वतः जेसीबी चढवून दोन एकर बसवून ठेवले आहेत, त्या अनुभवातून आलेलं शहाणपण आहे हे. त्याची हकीकत पुढे येईलच.

कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला येताना मातीचा रंग बघत या. कृष्णाकाठची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. घाट उतरलात की लाल. खडक मात्र दोन्हीकडे तोच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट. बाप एक, लेकरं दोन तऱ्हेची. हान्स येनी या मृदाशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये माती घडवणारे पाच घटक मांडले: हवामान, सजीव, जमिनीची ठेवण, मूळ खडक आणि काळ. सह्याद्रीच्या अल्याड-पल्याड खडक कायम राहिला आणि पाऊस बदलला. तिकडे वर्षाला ५००-७०० मिलिमीटर, इकडे ३००० च्या वर. त्या एका फरकाने सगळं बदललं.

पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो. थोडा हवेतला, पण जास्त करून मुळांनी आणि कुजणाऱ्या पाल्याने जमिनीत सोडलेला. त्याचं सौम्य आम्ल होतं आणि ते सावकाश खडक खात बसतं. शंभर किलो बेसाल्ट घेतला तर त्यात साधारण ५० किलो सिलिका, १० किलोच्या आसपास चुन्याचा अंश आणि १२ ते १४ किलो लोहाची ऑक्साइडं असतात. देशावर पाऊस बेताचा, म्हणून विरघळलेला चुना तिथेच खाली थिजतो. विहीर खणताना पांढरे चुनखडीचे खडे निघतात ते हेच. आमच्याकडे मात्र पाणी थांबतच नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम आधी जातात, मग हळूहळू सिलिकाही निघते, आणि सगळं वहाळातून खाडीला, खाडीतून समुद्राला मिळतं. मागे उरतं ते पाण्याला दाद न देणारं: लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोह गंजतं म्हणून माती लाल. खरं तर जांभ्याच्या, म्हणजे या लाल दगडाच्या, चिऱ्याचं घर म्हणजे गंजाच्या विटांचं घर. आजोबांनी 'सोन्यासारखं घर' बांधलं होतं, रसायनशास्त्र जरा वेगळं सांगतं एवढंच.

या दगडाला लॅटेराइट हे नाव दिलं फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने, १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तांतात. मलबारात अंगडिपुरमला त्याने लोक तो ओला असताना हत्याराने कापतात आणि वारा लागला की तो कडक होतो, हे पाहिलं, आणि लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून नाव ठेवलं. आमचे पाथरवट पिढ्यान् पिढ्या तेच करत होते आणि त्याला जांभा म्हणत होते. पण नाव ठेवायचा मान साहेबाचा.

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण कधी पुरं होईल ते होवो, त्याने एक उपकार केला. डोंगर उभे चिरून मातीचं पोट उघडं दाखवलं. पुढच्या वेळी रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात गाडी बाजूला घेऊन एखाद्या अशा कापाकडे पाच मिनिटं बघा. सगळ्यात वर काळपट तपकिरी पट्टा, जेमतेम वीतभर, मुळांच्या जाळ्याने शिवलेला. त्याखाली जांभ्याचे खडे मिसळलेली लाल माती. त्याखाली चिऱ्याचा कडक थर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. त्याच्याही खाली गुलाबी, पांढुरकी, पिवळी अशी ठिपक्याठिपक्यांची चिकण माती, बोटाने दाबली तर साबणासारखी घसरणारी. आणि तळाशी कुजका बेसाल्ट, ज्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. खालून वर वाचत गेलं तर हा लाखो-कोट्यवधी वर्षांचा जमाखर्च आहे, आणि त्यातला जमेचा भाग जवळजवळ सगळा वरच्या वीतभर पट्ट्यात. बाकी खाली चाळीस-पन्नास फूट सगळा खर्चच.

हे मी अलंकारिक म्हणत नाही. इथल्या मातीतल्या चिकणकणांना अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची ताकद फार कमी असते. देशावरच्या काळ्या मातीचे कण त्या बाबतीत कित्येक पटींनी कंजूष, आले ते सोडत नाहीत. त्यात आमच्या लोह-अ‍ॅल्युमिनियमची खोड अशी, की घातलेला स्फुरद ते धरून बसतात आणि मुळाला देत नाहीत. माती आम्लधर्मी. तरीही आमराई उभी राहते, फणस लागतो, रानात करवंदांच्या जाळ्या माजतात, ते कशावर? पाला पडतो, वाळवी-गांडुळं तो फोडतात, बुरशी तो कुजवते आणि मुळं तोच माल पुन्हा वर उचलतात. कोकणातल्या मातीत सेंद्रिय कर्ब पुष्कळदा देशावरच्या जमिनीपेक्षा जास्त निघतो तो यामुळे. काळ्या जमिनीची श्रीमंती ही बँकेतल्या ठेवीसारखी असते. आमची जमीन हातावर पोट असलेली, रोज कमवायचं आणि रोज खायचं. अशा घरातला कमावता माणूस उचलून नेला तर काय होईल, ते जेसीबीवाल्याला विचारू नका. त्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात.

मी उचलून नेला. म्हणजे नेला नाही, गाडला. सड्याच्या खालच्या अंगाला आमची दोन एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी, जमीन आहे. पूर्वी तिथे नाचणी आणि वरी होत असे, दोन-तीन वर्षं कसायची आणि मग रान वाढू द्यायचं. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा भोवतालच्या पुष्कळ वरकसांवर आंबा-काजू चढला. आमची राहून गेली, कारण माझे वडील मुंबईत गिरणीत होते. मी गावी परतलो ते डोक्यात व्यवस्थित बाग घेऊन. टप्पे, ओळी, ठिबक, सगळं यूट्यूबवर दिसतं तसं. मार्चमध्ये जेसीबी आणला. तीन दिवसांत उताराचे सात टप्पे झाले. मला तर ते धक्क्यावरच्या पायऱ्यांसारखे देखणे वाटले होते, फोटोही टाकले. पावसाच्या तोंडावर वेंगुर्ला-७ या काजूची कलमं लावली.

तिसऱ्या वर्षी फरक डोळ्यांना दिसू लागला. एकाच टप्प्यावर, एकाच दिवशी, एकाच नर्सरीतून आणून लावलेली कलमं. बाहेरच्या कडेची डोक्याच्या वर गेली होती आणि आतल्या अंगाची, डोंगराला टेकलेली, गुडघ्याशी अडकली होती. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. खत वाढवलं. चुना टाकला. मातीचा नमुना दिला, आरोग्य पत्रिका आली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म द्रव्यं. सामू कमी, कर्ब नगण्य, स्फुरद कमी. शिफारस होती चुना आणि शेणखत. पत्रिका खोटं बोलत नव्हती. पण नमुना घेतला होता वरच्या वितीचा, आणि माझ्या आतल्या रांगेतली 'वरची वीत' ही चार फुटांखालून उघडी पडलेली जमीन होती. ते सांगायला पत्रिकेत रकानाच नाही.

मग शेजारच्या वाडीतले तात्या एकदा येऊन उभे राहिले. त्यांनी हातातल्या काठीने आतली बाजू टोकरली, बाहेरची टोकरली आणि म्हणाले, "दुधावरची साय खाली ढकललंस नि आता ताक घुसळत बसलायस रे." झालं होतं ते असं, की टप्पा पाडताना यंत्र आतल्या बाजूने कापतं आणि ते सगळं बाहेरच्या कडेवर लोटतं. वरचा काळा थर आधी निघतो, म्हणून तो भरावाच्या तळाशी जातो. बाहेरच्या झाडांच्या मुळांना तो सापडला. आतल्यांना लाभली नुसती गंजकी माती. आणि दोन पावसाळ्यांत बाहेरच्या भरावाची कडही ढासळायला लागली, म्हणजे जी सुखी होती तीही फार दिवस सुखी राहणार नव्हती. तात्यांची काजू बघायला गेलो. त्यांनी उतार तसाच ठेवलेला. प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगाला दगड-मातीची अर्धचंद्रासारखी पाळ, तीत साठलेला पाला. बाग म्हणून दिसायला अगदीच गबाळी. पीक माझ्या तिप्पट.

हा सगळा दोष माझा, यंत्राचा नव्हे. त्याच यंत्राला आधी वरचा थर एका बाजूला ढीग करून ठेव आणि शेवटी परत पसर, असं सांगितलं असतं तर फार तर एक दिवस जास्त लागला असता. सांगायचं कुणाला सुचलं नाही, कारण तसं सांगायची पद्धतच नाही.

आता हिशेब करू. एका गुंठ्यावरची नऊ इंच माती म्हणजे साधारण ८०० घनफूट, आठ ब्रास. दोन-तीन डंपर. इंचभर माती बनायला जगभर शेकडो वर्षं धरतात. शिवाजी महाराज १६६१ मध्ये राजापुरावर आले तेव्हापासून आजवर उतारावर इंच-दीड इंच बनली असेल तर नशीब म्हणायचं. यावर माझा एक मित्र, जो प्लॉटिंगच्या धंद्यात आहे आणि मनाने वाईट नाही, म्हणतो की कोकणात मुळात दगडच आहे, तुम्ही मातीचं कौतुक कसलं सांगता? त्याला मी म्हणतो, दगड जास्त आहे म्हणूनच. ज्याच्या घरात पोतंभर तांदूळ आहे त्याने दोन मुठी सांडल्या तर चालतं.

सड्याची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिथे कौतुक करायला वीतभरही माती नाही. वैशाखात त्यावरून अनवाणी चालून दाखवा. काळा पडलेला कातळ, वाळलेलं गवत, क्षितिजापर्यंत दुसरं काही नाही. तलाठ्याच्या लेखी पोटखराबा. उपग्रहाच्या नकाशांवरून देशातल्या पडीक जमिनींची मोजदाद होते, तीत 'ओसाड खडकाळ' असा एक वर्गच आहे. गुंतवणूकदाराला हे शब्द ऐकून काय वाटत असेल? रिकामी जागा. कुणाची हरकत नसलेली.

पण तो कातळ काळा का दिसतो? जांभा तर लाल. तो काळेपणा शेवाळाचा आणि नीलहरित जिवाणूंचा आहे. उन्हाळाभर मेल्यासारखे पडून राहतात आणि पहिल्या सरीला जागे होतात. त्यांच्यावर धूळ अडकते, मग बारीक शेवाळ, मग खळग्यात बोटभर माती. पुस्तकातल्या 'खडकापासून माती कशी तयार होते' या आकृतीतले सगळे टप्पे इथे चार पावलांच्या अंतरात शेजारी शेजारी पडलेले असतात. जूनमध्ये दिपकाडीचे पांढरे तुरे येतात; दक्षिण कोकणातल्या सड्यांखेरीज ही वनस्पती फारशी कुठे सापडत नाही. ऑगस्टमध्ये सीतेची आसवं निळ्या-जांभळ्या सतरंज्या अंथरतात. फोटो सगळेच काढतात. मात्र हे नाजूक दिसणारं फूल किडे खातं, जमिनीतल्या इवल्या पिशव्यांत पकडून. का, तर त्या पाणथळ मातीत नत्र नसतं, ते किड्यांकडून वसूल करावं लागतं. इतक्या दरिद्री मातीवर एवढं बस्तान बसवायला किती काळ लागला असेल!

त्याच कातळावर माणसांनीही काही कोरून ठेवलं. कशेळीचा हत्ती, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, जांभरुण, सिंधुदुर्गातलं कुडोपी. ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. मला त्यांतली एक साधी गोष्ट जास्त बोलकी वाटते. हजारो वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या रेषा पुष्कळ ठिकाणी पातळ मातीने भरल्या होत्या आणि झाडूने, खराट्याने साफ केल्यावर दिसल्या. म्हणजे एवढ्या काळात तिथे माती किती साठली? खराट्याने निघेल एवढी.

आणि सडा पाणी पितो. भोकाभोकांचा जांभा पाऊस आत घेतो, खालची चिकण माती तो अडवते, आणि डोंगराच्या पायथ्याशी जिथे हे दोन थर उघडे पडतात तिथे झरे फुटतात. आमच्या वाडीचं मार्चपर्यंतचं पाणी अशाच एका झऱ्याचं आहे, पाटाने येतं. त्याच्या डोक्यावरच्या सड्यावर चिरेखाण पडली तर तो झरा कुठल्या कलमाखाली दाद मागणार? खाणीला विरोध म्हणून हे लिहीत नाही. माझं घर चिऱ्याचं आहे, गडगेही चिऱ्याच्या तुकड्यांचे आहेत, आणि सिमेंटच्या ब्लॉकांचं घर मे महिन्यात कसं तापतं ते मला माहीत आहे. पण खाणीची जागा ठरवताना पाणी कुठून मुरतं आणि कुठे निघतं हे विचारलंच जात नाही. विचारतात ते स्वामित्वधन किती ब्रासचं भरलं.

या शब्दांच्या जंजाळाची मला खरी चीड येते. डोंगरावर आहे तोवर ती पडीक जमीन. खणली की गौण खनिज. ३ फेब्रुवारी २००० च्या केंद्राच्या अधिसूचनेने भरावाला वापरायची साधी मातीसुद्धा गौण खनिज झाली. पावसाने वाहून वाशिष्ठीत आली की गाळ. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ओसरल्यावर तो गाळ काढा म्हणून लोकांना उपोषणाला बसावं लागलं. खणताना सरकारला पैसे भरायचे आणि खाली आल्यावर तीच उपसायला सरकारी पैसे घालायचे. या अख्ख्या प्रवासात तिला माती म्हणून एकाही कागदावर नोंद नाही.

त्याच दिवशी महाडजवळ तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पुढे १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी. इथे मला सावध बोललं पाहिजे, कारण दर दरडीमागे जेसीबी शोधायची आता सवय लागली आहे आणि ती बरोबर नाही. तळीयेच्या वेळी महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. असा पाऊस पडला तर न छेडलेले डोंगरही सुटतात. तसं पाहिलं तर उतारावरची माती नेहमीच प्रवासात असते. वर बनते, सरकत सरकत खाली येते, दरीत भातखाचर होऊन थांबते. कोकणातली उत्तम भातशेती अशा घसरून आलेल्या मातीवरच उभी आहे. मुळं आणि पायथ्याचा आधार या दोन गोष्टी तो प्रवास सावकाश करतात. आपण रस्त्यासाठी पायथा कापतो आणि प्लॉटसाठी मुळं काढतो, आणि मधल्या साबणासारख्या थरात पाणी भरलं की प्रवास एका रात्रीत उरकतो. कोकण रेल्वेच्या कापलेल्या डोंगरांनी हे दाखवून दिलं. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीने गाडी घसरून पन्नासएक माणसं दगावली, आणि मग त्या मार्गावर उतार कमी करणं, जाळ्या बसवणं, पावसाळी गस्त हे सगळं वाढलं. रेल्वेच्या कापाला गस्त आहे. वाडीमागच्या प्लॉटिंगच्या कापाला कोण आहे?

कुणी म्हणेल, पूर्वीचे लोक मातीला धक्का न लावता राहत होते आणि बिघडवलं ते यंत्राने. मला ही गोष्ट सांगता येणार नाही, कारण ती खरी नाही. राब घ्या. झाडांचा टहाळ तोडायचा, त्यावर शेण, गवत, पातेरा म्हणजे वाळका पाला आणि वरून माती पसरून एप्रिल-मेमध्ये भाजायचं, मग त्या राखेत तरव्याचं, म्हणजे भाताच्या रोपांचं, बी पेरायचं. यात शहाणपण होतं: राखेने आम्लता उतरते, पालाश मिळतो, तणाचं बी जळतं. पण एका वाफ्यासाठी आजूबाजूची झाडं बोडकी व्हायची. १८८० च्या दशकात ठाणे-कुलाब्यात या टहाळावरून रयत आणि वनखातं यांच्यात एवढं पेटलं की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. वरकसावरच्या नाचणीनेही माती धुपलीच. फरक वेगाचा होता. कोयता आणि नांगर यांनी जे पन्नास वर्षांत झालं असतं ते बकेट अर्ध्या दिवसात करते, आणि मध्ये रान वाढायला सवड देत नाही.

शिवाय माणूस माती घडवूही शकतो, हे कोकणाला शिकवायची गरज नाही. खाडीकाठच्या खारेपाटात बांध घालून, उघाड्या म्हणजे पाणी सोडायची दारं बसवून, भरतीचं पाणी अडवून लोकांनी समुद्राच्या चिखलात भात पिकवला. पहिली काही वर्षं पावसाने मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मग खाऱ्या जमिनीला सोसणारं भात, आणि दरवर्षी बांधाची डागडुजी. बांधाला भगदाड पडलं आणि दोन-चार वर्षं बुजवलं नाही, तर जमीन पुन्हा खाजण होते आणि कांदळवन उगवतं. जांभा बनायला युगं लागतात, खारजमीन एका पिढीत बनते आणि बिघडतेही. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप केला तो खोतीच्या वाट्यावरून. पण त्या भांडणाच्या तळाशी मला कायम दिसत आलंय ते हे, की जमीन समुद्रातून काढली कुणाच्या हातांनी आणि कागदावर नाव कुणाचं.

तेव्हा मागणी भावनिक नाही, कारकुनी आहे. बिनशेती परवाना, चिरेखाणीचा परवाना, रस्त्याचा ठेका यांत एक ओळ घालायची: वरचा थर, जिथे जेवढा असेल तेवढा, वेगळा काढून झाकून ठेवणे आणि काम संपल्यावर पसरणे, तसं केल्याचा फोटो आणि पंचनामा असल्याशिवाय अनामत परत नाही. शेतीच्या सपाटीकरणाला परवाना नसतो, आणि तो आणून शेतकऱ्याच्या गळ्यात आणखी एक फेरा अडकवू नये असंच मला वाटतं. तिथे अनुदानाची अट पुरेल. सातबाऱ्यावर किंवा निदान आरोग्य पत्रिकेवर तेरावा रकाना: पहार किती खोल गेली. प्रयोगशाळा लागत नाही, दापोलीचं कृषी विद्यापीठ लागत नाही, पोलीसपाटलाच्या घरी पहार असतेच. आणि सड्याला पोटखराब्यातून काढून 'सडा' असंच नाव द्यायचं. शब्द मराठी आहे, जुना आहे, सगळ्यांना कळतो.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप माझ्या चुलतभावाने घेतला. तो म्हणाला, वरकस जमिनीत पोट भरत नाही म्हणून लोक मुंबईला गेले; आता त्याच जमिनीला गुंठ्यावर भाव आलाय, तर तू अटी सांगायला आलास. त्याचं बरोबर आहे. मातीसाठी गरीब राहा असं मी कुणाला सांगू शकत नाही. पण त्याने विकलेल्या प्लॉटवर ज्यांनी फार्महाऊस बांधलं, ते आता बागेसाठी लाल माती ट्रकने विकत आणतायत. आपण त्यांच्या जमिनीवरची माती भरावाखाली गाडली आणि ते दुसऱ्या कुणाच्या डोंगराची माती आणून वर पसरतायत. देवगड-रत्नागिरीच्या कातळावरच्या आंब्यालाही हेच केलंय आपण: सुरुंगाने खड्डे पाडून त्यात बाहेरची माती भरली आणि कलमं जगवली. हापूस गोड लागतो. ती माती जिथून आली त्या जागेचं काय झालं, हे विचारायचं राहून जातं.

माझ्या आतल्या रांगेत मी गेली सात वर्षं पातेरा टाकतोय. दर पावसाळ्याआधी गाडी-दोन गाड्या, वर गवत, वर दगड म्हणजे वाऱ्याने उडू नये. गेल्या मे महिन्यात एका झाडाच्या आळ्यात कोयत्याने चर पाडून पाहिला. लाल मातीवर काळा थर बोटाच्या पेराएवढा झालाय, आणि त्यात गांडूळ सापडलं. घरी येऊन आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिने मान वर न करता विचारलं, "पातेरा कुणाच्या रानातला आणतोस?"